आक्कांच्या खरेदीखतातले हिस्सेदार

मला जर्मनीला कुणी बोलावलं नव्हतं. बोलावणं आमच्या मंडळींना होतं. लेक आखनच्या विद्यापीठात डॉक्टरेट करत होती, तिला पोरगी झाली, आणि रजा संपल्यावर तिला परत लॅबमध्ये जायचं होतं. आई येईल, पोर सांभाळील, असं ठरलं. ऐन वेळी हिच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. माझा पासपोर्ट तयार होता, म्हणून मला पाठवलं. घरातलं तूप संपलं की पोळीला तेल लावतात, तसं. विमानतळावर लेकीनं वाकून नमस्कार केला आणि मग माझ्या मागं बघितलं, आणखी कोण येतंय का म्हणून. कोणी नव्हतं.

माझं शिक्षण तिसरी. चौथीचा पहिला दिवस मी बघितला, मास्तरांनी मला बघितलं, आणि आमचं दोघांचं एकमत झालं. त्यानंतर जन्मभर तहसील कचेरीसमोर चहाची टपरी चालवली. कचेरीसमोर चहा विकणाऱ्या माणसाला एक रोग होतो. त्याला वाटायला लागतं की आपल्याला जमिनीतलं कळतं. सातबारा, फेरफार, वाटणीपत्र, खरेदीखत, हे शब्द माझ्या कानावरून इतके गेले, की मी समजलो ते डोक्यात शिरलेत. वकिलाकडं जायच्या आधी लोक माझ्याकडं चहा प्यायचे आणि सल्ला विचारायचे. मी द्यायचो. मग ते निस्तरायला वकिलाची फी दुप्पट व्हायची. तिथला एक वकील दर दिवाळीला मला मिठाईचा पुडा आणून द्यायचा. मला वाटायचं, माणूस प्रेमळ आहे.

तर असा मी, आखनला. त्या उन्हाळ्यात तिकडं फुटबॉलचा मोठा मेळा होता, सगळ्या गाड्यांना झेंडे लावलेले. मी लेकीला म्हणलं, एवढं स्वागत कशाला केलंस. जावई म्युनिकला गाड्यांच्या कंपनीत, शुक्रवारी रात्री यायचे, रविवारी परत. लेक दिवसभर लॅबमध्ये. घरी मी आणि नात. तिला बोलता येत नव्हतं आणि मला जर्मन येत नव्हतं, त्यामुळं आमचं बरं जमायचं.

तळमजल्यावर घरमालकीण राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या, ताठ, केस कायम विंचरलेले, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. मी त्यांना आक्का म्हणायचो. त्या मला ओपा म्हणायच्या, म्हणजे आजोबा. आक्का माझ्यापेक्षा वीस वर्षांनी थोरल्या, आणि मला आजोबा म्हणायच्या. पण घर त्यांचं. मी काय बोलणार.

त्या घरात जिना आळीपाळीनं पुसायचा नियम होता. दाराशी वेळापत्रक लावलेलं, त्याला पुट्सप्लान म्हणतात. आमची पाळी आली. लेकीनं फडकं आणि छोटी बादली दाखवली, म्हणाली, ओल्या फडक्यानं नुसतं पुसा. मला काही ते स्वच्छ वाटेना. आपल्याकडं अंगण कसं धुतात, बादली उलटी करायची आणि खराट्यानं ढकलायचं. ती गेल्यावर मी वरच्या पायरीवर उभा राहिलो आणि दोन बादल्या सोडल्या. पाणी काय झकास उतरलं. पायरी न पायरी करत गेलं, आणि आक्कांच्या दाराखालनं आत शिरलं.

आक्कांनी दार उघडलं. आत गालिचा होता, बूट होते, टेलिफोनची वायर होती. त्या कशाकडंच धावल्या नाहीत. भिंतीला टेकवून खाली ठेवलेल्या एका चौकटीकडं धावल्या. नेमका तिचाच खालचा कोपरा पाण्यात. त्यांनी ती उचलून छातीशी धरली, आणि मी खराटा घेऊन उभा.

संध्याकाळी लेक आली तेव्हा आधी तिनं स्वतःच्या विम्याचे कागद काढले. तिकडं माणसाच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा असतो. पाहुणा आलेला बाप त्यात बसतो का, ते ती बघत होती. मग आम्ही माफी मागायला खाली गेलो.

आक्का रागावल्या नव्हत्या. त्यांनी लोण्याच्या सुरीनं चौकटीची पाठ उचकटून ठेवली होती, कागद वाळावा म्हणून. आणि त्या जरा चक्रावलेल्या होत्या. काचेतनं एकच पान दिसायचं, तेच त्यांनी सगळा संसारभर बघितलं होतं. पाठ उघडल्यावर त्याच्या मागनं आणखी पानं निघाली, घडी करून दडपलेली. सगळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वच्छ टॉवेलवर मांडून ठेवलेली. मी वाकून बघितलं. जाड पिवळा कागद, लाल लाखेचा शिक्का, शेवटी सह्या, एका ठिकाणी सहीच्या जागी नुसती फुली. अक्षर एक लागत नव्हतं. पण अक्षर न लागणं हा माझा जुना अनुभव, त्यानं माझं आजवर काही अडलेलं नाही.

मी लेकीला म्हणलं, "सांग आक्कांना, हे खरेदीखत आहे."

आक्का म्हणाल्या, "गेनाऊ." म्हणजे बरोबर.

झालं. तिथं मी बिघडलो. परमुलखात पहिल्यांदा माझं काहीतरी बरोबर निघालं होतं.

त्यांनी मग सांगितलं. नवऱ्याच्या घराण्यातल्या कुणा पूर्वजाची समुद्रापार बाग होती, कॉफीची. सुरीनाम म्हणून देश आहे, दक्षिण अमेरिकेच्या काठाला, तिकडं. कागद डच भाषेत, कारण तो मुलूख त्या वेळी डच लोकांचा. नवरा दर ख्रिसमसला सगळ्यांना टेबलाशी बसवून त्या बागेची गोष्ट सांगायचा. नदी, पांढरी फुलं, पोपट, आणि संध्याकाळी वाजणारी घंटा. मुलं मोठी झाली, नातवंडं झाली, गोष्ट तीच. तो गेल्यावर दोन ख्रिसमस ती कुणी सांगितली नाही. आता सप्टेंबरात नातीचं लग्न होतं. ती आजोबांची लाडकी. आक्का कागदाला नवी चौकट करून तो तिला लग्नात देणार होत्या, आणि देताना उभं राहून ती गोष्ट स्वतः सांगणार होत्या. आयुष्यात चारचौघांत कधी बोलल्या नव्हत्या. त्यांना भीती होती की आपण सांगताना ती गोष्ट अर्धी होईल.

मी म्हणलं, अर्धी कशी होईल, मी आहे ना.

दुसऱ्या बुधवारी त्यांनी आम्हाला कॉफीला बोलावलं. लेक लवकर आली होती. टेबलावर प्रिन्टन होते, ही आखनची मसालेदार बिस्किटं, दगडासारखी. माझी कवळी आधीच खिशात होती. मी काचेमागचं जुनं पान पुढं ओढलं. त्यावर नावांची लांबलचक रांग होती, एकाखाली एक, आणि प्रत्येक नावापुढं आकडा. रांगेखाली दोन ओळी, मग सह्या.

आक्कांना नवऱ्यानं सांगितलं होतं की ही बागेतली माणसं. बागेतली म्हणजे कोण, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

मला विचारायची गरज नव्हती. माझ्या आजोबांचा दीड एकराचा तुकडा, त्याच्या सातबाऱ्यावर एवढी नावं आहेत की जमिनीवर सगळे एकदम उभे राहिले तर पेरायला जागा उरायची नाही. जमिनीच्या कागदावर नावांची रांग म्हणजे काय, हे आमच्याकडं शेंबडं पोर सांगेल. मी सांगून टाकलं की हे हिस्सेदार. आणि पुढचे आकडे म्हणजे हिस्से. आपल्याकडं आण्यात मोजतात, सोळा आणे म्हणजे सगळी जमीन, कुणाचे दोन आणे, कुणाचा आणा.

लेक जर्मनमध्ये सांगत होती, पण प्रत्येक वाक्याच्या आधी "माझे वडील म्हणतात" लावत होती. हात झटकायची तिची ती पद्धत. मध्येच ती मला म्हणाली, "बाबा, इथे पस्तीस लिहिलंय, चाळीस लिहिलंय. सोळा आण्यांत चाळीस आणे कुठून आले?"

"परदेशी आणे आहेत ते."

"आणि कुणालाच आडनाव नाही."

"आपल्या जुन्या दप्तरात तरी कुठं असतं."

आक्कांना काही नावं लागायला लागली. एक नाव महिन्याचं निघालं. एक वाराचं. एक चक्क युरोपातल्या शहराचं, आणि एका बाईचं नाव म्हणजे नशीब. आक्का हसल्या, म्हणाल्या, ही कसली नावं. मी म्हणलं, आमच्यात सोमवारी झाला की सोमा, त्यात काय. मग मी प्रिन्टन मांडून वाटणीच दाखवली. चाळीसवाल्याला एवढे, वाराच्या नावाच्या माणसाला एवढे. रांगेत सगळ्यात शेवटी एक नाव होतं, त्याच्यापुढं नुसता अर्धा. मी म्हणलं, बघा, भावकीत असा एक असतोच, ज्याला सगळ्यांनी मिळून बनवलं. अर्धा आणा. आक्कांना त्याची इतकी दया आली की त्यांनी त्याच्यापुढं अख्खा प्रिन्टन ठेवला. तो नंतर माझ्या नातीनं चोखला.

आक्का बराच वेळ त्या पानाकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "आल्झो. असं होय. म्हणजे तो पूर्वज चांगला माणूस होता. त्यानं सगळ्यांना कागदावर घेतलं." आणि ड्रॉवरमधनं एक कार्ड काढून त्यांनी ते लिहून घेतलं, लग्नात बोलायला. त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला वाटलं, दोन बादल्या पाणी सोडल्याचं चीज झालं.

तिथं थांबलो असतो तर मी कसला टपरीवाला. मला आता मागच्या पानांची खाज सुटली. जमीन किती, चतुःसीमा काय, नदी कोणत्या अंगाला, घंटा कुणाच्या देवळाची. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात असंही होतं, की जमिनीत अजून काही निघतंय का बघावं. नावं आहेत, शिक्का आहे, हक्क कुठं जातोय. लेकीनं मला बजावलं, "बाबा, तुमचा व्हिसा तीन महिन्यांचा आहे. जर्मनीत जमिनीचा दावा लावू नका." पण मी आक्कांना पटवलं की अख्खा कागद वाचल्याशिवाय भिंतीला लावू नये, आमच्याकडं ते अशुभ मानतात. असं आमच्याकडं काही मानत नाहीत.

आक्कांच्या नवऱ्याच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर होते, सरहद्दीपलीकडं, हॉलंडात. चर्चची जुनी दप्तरं वाचायचा त्यांना नाद. आखनहून हॉलंड म्हणजे गावच्या बसनं जायचं. शनिवारी आम्ही निघालो, आक्का, लेक, बाबागाडीत नात आणि मी. पानं आक्कांच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेली. दुसरा देश येणार म्हणून मी पासपोर्ट उघडून हातात धरला होता. कुणी येईना. शेवटी उतरताना मीच तो ड्रायव्हरला दाखवला. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, आणि मान हलवली, असू दे म्हणून. लेक बाबागाडी घेऊन आधीच पुढं गेली होती, आमची ओळख नसल्यासारखी.

मास्तरांचं घर नीटनेटकं. त्यांनी खिडकीपाशी टेबल ओढलं, पानं क्रमानं लावली, भिंग घेतलं. ते आधी डचमध्ये वाचायचे, मग आक्कांना जर्मनमध्ये सांगायचे, मग लेक मला मराठीत. माझ्यापर्यंत येईस्तोवर ते निवलेलं असायचं, पण मला भारी वाटत होतं. विकणारा अमुक, घेणारा अमुक. घेणारा हाच आक्कांच्या घरातला पूर्वज, बरोबर. नदीच्या डाव्या अंगाला जमीन, तिची लांबी, शेजारी कोण. मी आक्कांकडं बघून मान डोलावली, चतुःसीमा आली. मग कॉफीची झाडं, कॉफी वाळवायची इमारत, पाणी सोडायची दारं, मालकाचं घर, एक घंटा. मी विचारलं, देवळाची का. मास्तर म्हणाले, नाही, कामाची. मग एक वाक्य होतं, की मातीत रुजलेलं आणि खिळ्यानं ठोकलेलं सगळं जमिनीबरोबर जाईल. मला राहवेना. मी लेकीला म्हणलं, सांग त्यांना, आमच्या खरेदीखतात हेच असतं, झाडझाडोरा, दगडधोंडा, विहिरीच्या पाण्यासकट. सगळे कागद एकाच आईचे. तिनं सांगितलं. मास्तरांनी विनयानं ऐकून घेतलं.

मग एक होडी आली, तिच्या वल्ह्यांसकट.

त्यानंतर मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. चष्मा काढला. आक्कांना हळू आवाजात काहीतरी म्हणाले, आणि आक्कांनी एकच शब्द विचारला, आणि मास्तरांनी होय म्हणून मान हलवली.

माझ्यापर्यंत काहीच आलं नाही.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"बाबा, थांबा जरा."

"हिस्सेदारांपर्यंत आले का?"

लेकीनं माझ्याकडं बघितलं नाही. कागदाकडं बघत म्हणाली, "बाबा, ते हिस्सेदार नाहीत."

"मग? साक्षीदार?"

"विकलेली माणसं आहेत ती. गुलाम. आधी होडी, मग ही माणसं, मग खालच्या दोन ओळींत गुरं. मग सह्या."

मी विचारलं, "आणि आणे?"

"वयं आहेत ती."

आता मी हे कसं सांगू. आमच्याकडं माणूस जन्मभर धडपडतो, कागदाला नाव लागावं म्हणून. बहिणीचं लागत नाही, विधवेचं लागत नाही, कुळाचं लागता लागता कूळ मरून जातं. टपरीवर मी बाया रडताना बघितल्यात, नाव लावा म्हणून. नाव लागलं की माणूस झाला, एवढंच मला आयुष्यात कळलं होतं. नाव कागदावर आहे आणि कागद दुसऱ्याचा, असंही असतं, हे आमच्या टपरीवर कधी कुणी बोललं नव्हतं.

आक्कांनी त्या रांगेच्या शेवटी बोट ठेवलं. "हाल्ब?" अर्धा?

मास्तर म्हणाले, अर्धं वर्ष. वरचं नाव त्याच्या आईचं. तीच, नशीब नावाची.

नात बाबागाडीत झोपली होती.

मास्तरांनी मग सांगितलं की ही नावं त्यांची नव्हेतच. मालकांनी ठेवलेली. जो महिना सुचला, जो वार सुचला, ते. त्यांची आपली नावं काय होती, ते या कागदात नाही. आक्का म्हणाल्या, तरी वाचा, सगळी वाचा. मास्तरांनी भिंग उचललं आणि वरपासून खालपर्यंत वाचली, नाव आणि वय, नाव आणि वय. लेकीनं काही भाषांतर केलं नाही. मला त्यातलं पुष्कळ पाठ होतं. त्यांना मीच बिस्किटं वाटली होती.

परत येताना बसमध्ये मी एक विनोद करून बघितला. कोणता ते आता आठवत नाही. आठवू नये असाच असणार.

पुढच्या बुधवारी कॉफीचं बोलावणं आलं नाही. मी जिन्यात उगाच दोनदा खोकलो, तरी नाही. लेकीला म्हणलं, माझ्यामुळं झालं हे. कागद न वाचता लावला असता तर म्हातारी आनंदात लग्नाला गेली असती. मग मला माझ्या जातीचा एक सल्ला सुचला. म्हणलं, जाऊन सांग त्यांना, मागची पानं मागं घाला, नावांचं पान पुढं ठेवा, नवी काच बसवा. लग्नात डच कोण वाचतंय.

लेक पोरीला भरवत होती. म्हणाली, "बाबा, हे कुणीतरी आधीच केलं होतं ना."

 माझ्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

आक्कांच्या आलं होतं. दोन दिवसांनी त्या स्वतः वर आल्या, एवढे जिने चढून, आणि आमच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या. मी चहा टाकला, आलं घालून, टपरीचा. त्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि लेकीशी बराच वेळ बोलल्या. चौकट नवऱ्यानंच बनवली होती, तळघरात, स्वतःच्या हातानं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी. पाठीला खिळे त्यानंच मारले होते. आणि त्याची आई सरहद्दीपलीकडची. डच त्याला चांगली यायची, शनिवारी तिकडचं वर्तमानपत्र आणून वाचायचा.

मग त्या माझ्याकडं वळल्या. लेकीनं सांगितलं, "बाबा, त्या तुम्हाला विचारतायत. तुम्ही एवढी वर्षं असे कागद बघितलेत. त्याला माहीत असेल का?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला खरा सल्ला विचारला होता, आणि मला द्यायचा नव्हता. मी म्हणलं, शिक्क्याचा कागद कुणी वाचत नाही, आक्का. नुसता बघतात. माझ्या टपरीवर शिकलेली माणसं चहाचा कप धरून न वाचता सह्या करायची. तसा त्यानंही बघितला असेल. सही सुंदर आहे, शिक्का सुंदर आहे, लावला.

लेकीनं ते सांगितलं. या वेळी "माझे वडील म्हणतात" लावलं नाही, हे मला कळलं.

आक्कांनी ऐकलं. मग माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ओपा, तो औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा."

आणि हसल्या, थोड्याशा. मग चहा सगळा प्यायल्या, एवढा गोड असून.

रविवारी नात आली त्यांची, लग्नाची. आक्कांनी तिला मुद्दाम आधी बोलावलं होतं. लग्नात उभं राहून नाही, स्वयंपाकघरात बसून सांगायचं ठरवलं होतं. मी लगेच फडकं घेतलं आणि जिना पुसायला लागलो, कोरडा. रविवारी जिना पुसत नाहीत तिकडं, शांततेचा दिवस असतो. पण मला ऐकायचं होतं. दाराबाहेरची पायरी इतकी पुसली की तिचा रंग जायला आला. आक्का बोलत होत्या. अडखळत, थांबत, पण बोलत होत्या. मला एक शब्द कळला नाही.  मग ती पोरगी कशावर तरी मोठ्यानं बोलली, मग रडली, मग दोघी एकदम बोलायला लागल्या. मी आपला पुसतोय. शेवटी दार उघडलं. तिचे डोळे लाल. मला बघून ती थबकली, जिन्याकडं बघितलं, आणि म्हणाली, डांकं, म्हणजे आभार. मला वाटलं, जिन्याबद्दल म्हणाली. लेक म्हणते, कशावरून.

पानं मास्तरांकडं गेली. ते म्हणाले होते, अशा कागदातली नावं शोधत लोक येतात, त्या माणसांची पतवंडं, खापरपतवंडं. त्यांना बघायला मिळेल अशा जागी ती देऊ. नातीला लग्नात कॉफीचा सेट मिळाला. पोरगी म्हणाली म्हणे, कॉफीचाच का, आजी, आणि मग तिनंच तो निवडला. आक्कांच्या भिंतीवर फिका चौकोन राहिला आणि एक खिळा. मी निघायच्या आदल्या दिवशी म्हणलं, खिळा काढून देतो, खड्डा बुजवतो. आक्का म्हणाल्या, नको, राहू दे. कदाचित त्यांना माझ्या हातात हातोडी बघवली नसेल.

लग्न माझ्या परत येण्यानंतर झालं. तिथं त्या काही बोलल्या नाहीत, असं लेकीनं सांगितलं. मला वाटलं, संपली ती गोष्ट. नवऱ्याबरोबर एकदा गेली, आता दुसऱ्यांदा गेली.

डिसेंबरात लेकीचा फोन आला, टेलिफोन कार्डावरचा, मिनिटामिनिटाला कुरकुरणारा. म्हणाली, बाबा, आक्कांनी ख्रिसमसला आम्हाला खाली बोलावलं होतं, सगळं घर होतं. जेवण झाल्यावर त्या उठून उभ्या राहिल्या. गोष्ट सांगितली. पूर्ण. नदी, फुलं, घंटा कशाची ते, आणि माणसं.

"नवऱ्याचं सांगितलं?"

"सांगितलं. म्हणाल्या, त्याला वाचता येत होतं."

 कार्डाची मिनिटं जात होती.

"आणि बाबा," लेक म्हणाली, "सुरुवात तुमच्यापासून करतात."

"माझ्यापासून कशी?"

"एक ओपा होता, भारतातला, त्यानं जिन्यावर दोन बादल्या पाणी ओतलं. मग तुमचे हिस्सेदार, तुमचे परदेशी आणे, प्रिन्टनची वाटणी, सगळं. तुमच्यासारखे हात करून दाखवतात. पोरं पोट धरून हसली. मी विचारलं त्यांना नंतर, बाबांना कशाला घेतलं. तर म्हणाल्या, तो म्हणाला तसंच असावं असं मलाही वाटलं होतं, ते कुणाला तरी कळायला हवं. आणि आधी हसले की मग ऐकतात."

म्हणजे जर्मनीत माझंही नाव लागलं शेवटी. गाढव म्हणून का होईना. टपरीवर मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणी म्हणालं असतं, त्यात नवीन काय.

मी विचारलं, "आणि तो अर्धावाला?"

"तो शेवटी येतो," लेक म्हणाली. "तिथं कुणी हसलं नाही."